जामकाठचे रोगी, नागपूरची वाट

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपण संपले. सचिवालयाच्या फायली भोपाळला गेल्या, उच्च न्यायालय जबलपूरला गेले, मंत्री गेले आणि त्यांच्यामागे कारकुनांची बिऱ्हाडे गेली. मेडिकल कॉलेज मात्र कुणाला उचलून नेता आले नाही. अजनीजवळच्या त्या अफाट आवारातल्या खाटा जागच्या जागी राहिल्या आणि मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकावरचे रोगीही पूर्वीसारखेच तिथे येत राहिले. कालपर्यंत ते आपल्या राजधानीतल्या दवाखान्यात येत होते. त्या दिवसापासून परराज्यातल्या दवाखान्यात येऊ लागले. वाट तीच होती, फक्त तिच्यावर मध्येच एक सीमा उगवली होती.

माणसे उपचारासाठी आपला मुलूख सोडून परक्या मुलखात का जातात, याची चर्चा सहसा लंडन, सिंगापूर किंवा अमेरिकेच्या नावाने होते. पण या प्रश्नाचे मराठीतले एक जुने आणि अजून चालू असलेले उत्तर पाहायचे असेल, तर मध्य प्रदेशातल्या सावरगावला जावे.

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. मध्ये पात्र, पात्रात धोंडे. आज दोन्ही वस्त्या एकमेकींना भिडल्या आहेत, तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना आपले वेगळेपण आठवते. आजूबाजूला संत्र्यांच्या बागा, कपाशी, तुरीची शेते. घराघरांत बोलणे मराठी, पाट्या हिंदी. सातपुड्याची मुख्य रांग उत्तरेला राहते, त्यामुळे पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके भूगोलाने नागपूरच्या मैदानाचेच भाग आहेत. सौसरहून छिंदवाड्याला जायचे तर घाट चढावा लागतो, नागपूरला जायचे तर रस्ता आपोआप उतरत जातो. जाम कन्हानला मिळते आणि कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर आणि छिंदवाडाही जवळजवळ तेवढेच, पण डोंगरापलीकडे. भोपाळ अडीचशेच्या वर. ताप उतरेना, बाळंतीण अडली, कुणी झाडावरून पडले, की घरातला कर्ता माणूस हे अंतर मोजत बसत नाही. 'नागपूरले नेऊ' एवढेच म्हणतो.

ही वाट इंग्रजांच्याही आधीची आहे. छिंदवाड्याच्या डोंगरातल्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नाग नदीकाठच्या बारा वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले. म्हणजे नागपूरच्या जन्मालाच उतरणीवरून आलेला माणूस कारण झाला. पुढे भोसल्यांनी तिथे गादी मांडली आणि देवगडचे राज्य त्यांच्या हाती गेले. त्या काळी दुखण्याला उतारा गावातच शोधत. गोंड वस्त्यांत भुमका असे. झाडपाला, मंत्र, देवाचा कौल हे सारे त्याच्याकडे. मराठी गावांत वैदू, सुईण, हाड बसवणारा आणि साप उतरवणारा. या माणसांना कमी लेखणे सोपे आहे, पण रात्री-अपरात्री हाकेला येणारे तेच होते. तामियाजवळच्या पातालकोटच्या दरीतली भारिया आणि गोंड माणसे आजही वनौषधींच्या माहितीसाठी ओळखली जातात आणि शहरातले लोक मुळ्या-साली घेण्यासाठी तिकडे उतरतात.

१८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. राजधानीबरोबर दवाखाने आले. १८६२ साली शहरातले मोठे सरकारी रुग्णालय सुरू झाले, जे पुढे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या नावाने 'मेयो' म्हणून ओळखले जाऊ लागले. १८६४ मध्ये मनोरुग्णालय उभे राहिले. १८९६ मध्ये स्कॉटिश मिशनने सीताबर्डीत मूर मेमोरियल रुग्णालय काढले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले आणि मध्य प्रांताच्या गावोगावच्या सरकारी दवाखान्यांना डॉक्टर पुरवू लागले. पूर्ण पदवी घ्यायची असेल तर तरुणांना मुंबई किंवा कलकत्ता गाठावे लागे. वैद्यकाचे ज्ञान मिळवायला बाहेर जाणे आणि उपचार मिळवायला बाहेर जाणे, या दोन्ही गोष्टी या प्रदेशात बरोबरच सुरू झाल्या.

पण त्या काळच्या रोग्याचा नागपूरला येण्याचा एकच हेतू नव्हता, हे ताजुद्दीन बाबांच्या चरित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके कुठल्या सरकारी अहवालातून दिसत नाही. कामठीत १८६१ मध्ये जन्मलेल्या या फकिराला १८९२ मध्ये वेडा ठरवून नागपूरच्या मनोरुग्णालयात डांबण्यात आले आणि पुढची सुमारे सोळा वर्षे ते तिथेच होते. त्यांच्या दर्शनाने बरे वाटते या श्रद्धेने लोक त्या रुग्णालयाच्या दारापर्यंत येऊ लागले. शेवटी १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना बाहेर आणले. काही काळ बाबा सावनेरकडच्या वाकी गावी कन्हानच्या काठावर राहिले. तिथल्या झाडांखालच्या जागांना त्यांनी मशीद, मदरसा, शफाखाना अशी नावे दिली होती. आजारी माणसाला 'शफाखान्यात' म्हणजे ठरलेल्या झाडाखाली बसवले जाई. पांढुर्णा-सौसरच्या माणसाला वाकी वाटेवरच लागते. ज्यांना मेयोची भीती वाटे, इंग्रजी औषध बाटवते असे वाटे, कापतील या धास्तीने जीव घाबरे, त्यांची यात्रा त्या झाडापाशी थांबत असणार.

१९१३ मध्ये नागपूर-छिंदवाडा अरुंद रेल्वे झाली आणि सौसर, रामाकोना, लोधीखेडा ही गावे तिच्यावर आली. १९२३ ते १९२५ या काळात नागपूर-इटारसी रुंद मार्ग पूर्ण झाला आणि पांढुर्ण्याला स्टेशन मिळाले. हा मार्ग दिल्ली आणि मद्रास जोडण्यासाठी होता. पांढुर्ण्याच्या रोग्याचा विचार करून कुणी रूळ टाकले नव्हते. तरी बैलगाडीत गवताच्या अंथरुणावर दोन दिवस हिंदकळत जाणारे माणूस आता काही तासांत नागपूरला पोचू लागले. ज्या गाडीने कापूस आणि संत्री बाजाराला जात, त्याच गाडीने रोगी जात. व्यापाऱ्याचे नागपुरात ओळखीचे दुकान असे, त्या दुकानदाराच्या ओळखीचा डॉक्टर असे. उपचाराची वाट नेहमी बाजाराच्या वाटेवरूनच जाते आणि इथे तर ती रुळांनी पक्की केली होती.

१९४७ मध्ये नागपूरला मेडिकल कॉलेज निघाले. त्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडातले ते पहिले. १९५० नंतर या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, म्हणून कागदोपत्री पाहिले तर 'मेडिकल' हे मध्य प्रदेशाचे पहिले मेडिकल कॉलेज होते. त्याच्यासाठीचा पैसा ज्या प्रांताच्या तिजोरीतून आला, त्या तिजोरीत छिंदवाडा जिल्ह्याचा शेतसाराही जमा होत असे. हा मुद्दा सावरगावच्या बाजूने मांडण्याची आज कुणाला गरज वाटत नाही, पण इतिहासात त्याची नोंद असायला हवी.

त्यानंतर राज्यपुनर्रचना झाली. १९५३ च्या अखेरीस नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले. प्रत्यक्षात बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. हिशेब जिल्ह्यांचा झाला, तालुक्यांचा झाला नाही. छिंदवाडा जिल्हा बहुतांशी हिंदी आणि गोंडी बोलणारा, म्हणून तो मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर घाटाखालचा मराठी पट्टाही तिकडेच राहिला. सौसर आणि पांढुर्ण्याची माणसे त्या दिवशी कुठेही गेली नाहीत. त्यांच्या खालून राज्य सरकले.

नव्या मध्य प्रदेशाकडे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ आणि जबलपूर अशी मेडिकल कॉलेजे होती. जबलपूर आणि भोपाळची तर नुकतीच, १९५५ मध्ये सुरू झालेली. नकाशावर ही चार नावे टिंबांनी दाखवली, तर राज्याचा दक्षिण-मध्य भाग रिकामा दिसतो. ही रिकामी जागा भरायला किती काळ लागला? छिंदवाड्याच्या मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी २०१९ मध्ये बसली. म्हणजे ६३ वर्षे. ६३ वर्षांत तीन पिढ्या जन्मल्या, आजारी पडल्या, आणि गंभीर दुखणे आले की नागपूरला गेल्या. एखाद्या राज्याने ६३ वर्षे शेजारच्या राज्यातल्या दवाखान्यावर भिस्त ठेवावी आणि त्याबद्दल कुणी जाब विचारू नये, याचे कारण इतकेच, की रोग्यांनी तक्रार केली नाही. त्यांना नागपूर परके वाटतच नव्हते.

परके न वाटण्यात भाषेचा वाटा फार मोठा आहे. दुखणे सांगणे हे अवघड काम असते. 'पोटात गोळा उठते', 'जीव घाबरते', 'हातपाय गळल्यासारखे झाले', 'आंग मोडून आलं' ही वाक्ये ऐकून कोणता प्रश्न पुढे विचारायचा, हे नागपूरच्या डॉक्टरला कळते. निदान तपासणीच्या यंत्रांनी होते हे खरे, पण कोणती तपासणी करायची हे रोग्याच्या तोंडूनच कळते. म्हातारी बाई हिंदीत दुखणे सांगताना निम्मे गिळून टाकते. मराठीत तिला थांबवावे लागते.

दुसरे कारण नातेवाईक. या पट्ट्यातली सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या काटोल, सावनेर, नरखेड, नागपूर अशीच होत आली आहे. रोगी खाटेवर असतो, पण त्याच्याबरोबरच्या माणसाला राहायला जागा लागते, डबा लागतो, औषधाच्या दुकानात धावायला हात लागतो, रात्री रक्त कमी पडले तर रक्त देणारा लागतो. नागपुरात बहीण दिली असेल तर हे सगळे मिळते. भोपाळला एम्स २०१२ पासून आहे, चांगले आहे, पण तिथे बहीण नाही. परदेशी उपचारांचे हिशेब मांडणारे लोक शस्त्रक्रियेची किंमत मोजतात. घरून येणाऱ्या डब्याची किंमत त्यात धरली, तर कितीतरी रोग्यांचे निर्णय लगेच समजतील.

नागपूरच्या धंतोली आणि रामदासपेठेत फेरफटका मारला, की दर गल्लीत खासगी रुग्णालय आणि दर रुग्णालयासमोर 'एमपी २८' पाटीची गाडी दिसते. ही छिंदवाडा जिल्ह्याची खूण. गाडीत पुढे ड्रायव्हर, मागे आडवा रोगी, त्याच्या उशाशी बाई, पायाशी पिशवी. पिशवीत आधीच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, एक्सरेचे पाकीट, आणि दोन दिवसांच्या दशम्या. सरकारी मेडिकलमध्ये गरीब जातात, धंतोलीत शेत गहाण ठेवून जाणारेही जातात. संत्र्याचा बहर चांगला आला त्या वर्षी रखडलेली ऑपरेशने उरकली जातात, गारपीट झाली की पुढे ढकलली जातात.

या वाटेवरची सर्वांत ठळक नोंद गोटमारीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात आणि सावरगाव व पांढुर्णा एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदीतून पळून जात असताना दोन्ही काठांनी दगड मारले, ही कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर अनेकांचा जीव गेला आहे. मानवाधिकाराच्या तक्रारी झाल्या, बंदीचे प्रयत्न झाले, दगडांऐवजी चेंडू देऊन पाहिले, पण लोकांनी शेवटी दगडच उचलले. त्या दिवशी दोन्ही काठांवर वैद्यकीय पथके तंबू ठोकून बसतात. डोके फुटलेला माणूस टाके घालून घेतो, चंडीमातेचा अंगारा लावतो आणि कधीकधी परत नदीत उतरतो. ज्याची कवटी आत दबली, डोळा गेला किंवा शुद्ध हरपली, त्याला नागपूरला हलवतात.

त्या एका दिवसात या प्रदेशाची वैद्यकीय उतरंड उघडी पडते. मलमपट्टी नदीकाठी, टाके आणि प्लॅस्टर पांढुर्ण्यात, मेंदूची शस्त्रक्रिया शंभर किलोमीटरवर. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर एकेक मिनिट मोलाचे असते आणि ती मिनिटे बडचिचोली, केळवद, सावनेर अशी गावे ओलांडण्यात जातात. पुढे मृत्यू नागपुरात झाला, तर मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यू, तिथल्या पोलीस ठाण्यात नोंदला जातो, शवविच्छेदन तिथे होते आणि कागद मागाहून सीमा ओलांडून येतात. मेळा दरवर्षी ठरलेल्या दिवशी होतो. त्याची तारीख पंचांगात छापलेली असते. त्या दिवसापुरता तरी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा डॉक्टर पांढुर्ण्यात का असू नये, हा प्रश्न परंपरेच्या बाजूने आणि विरुद्ध भांडणाऱ्या दोघांनीही विचारायला हवा होता.

जे दुखणे नागपुरातही आटोपत नाही त्याचे पुढचे ठिकाण मुंबई, म्हणजे परळचे टाटा. या रुग्णालयाची जन्मकथा थेट परदेशी उपचारांशी जोडलेली आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने १९३१ मध्ये वेल्समधल्या शुश्रूषागृहात वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी युरोपात, जर्मनीत वारले. त्या काळी श्रीमंत भारतीयांनी असाध्य आजारासाठी युरोप गाठणे ही रीतच होती. कमला नेहरू यांचाही १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला क्षयाने अंत झाला. ज्यांना पैसा कमी नव्हता त्यांनाही आपल्या देशात उपचार नव्हते. टाटांच्या पैशातून १९४१ मध्ये परळला कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि वेल्सला जाऊ न शकणाऱ्या लाखो माणसांसाठी ते शेवटची आशा ठरले. पांढुर्ण्याचा शेतकरी घशाच्या गाठीचा कागद घेऊन मुंबईला उतरतो तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का हे आधी पाहतो. त्याच्या दृष्टीने मुंबई हेच परदेश. नागपुरात तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय होतेच, आता जामठ्याला २०२३ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे उद्घाटन झाल्यावर यातली काही मुंबईवारी वाचते आहे.

काही दुखणी मात्र एका फेरीत संपत नाहीत. सिकलसेल हे त्यातले सर्वांत चिवट. मध्य भारतात हा आजार आहे हे वैद्यकीय जगाला ठळकपणे कळले ते नागपूर मेडिकलमुळे. तिथल्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलच्या वाहकांवर लिहिले. गोंड आणि इतर आदिवासी, तसेच पूर्वीचे महार आणि इतर समाज यांत हा दोष पिढीजात येतो. रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल हाडांच्या वेदनेने तळमळते. काहींना वर्षातून अनेकदा रक्त चढवावे लागते, गोळ्या रोजच्या, तपासण्या ठरलेल्या. आईला प्रत्येक वेळी मजुरी बुडवून गाडी पकडावी लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासणी गावात पोचली तर उपचारही गावात पोचले पाहिजेत. नाहीतर निदान घरी आणि औषध परराज्यात, अशी नवीच यातायात सुरू होईल.

वाहतूक एकाच दिशेने चालते असे मात्र नाही. सौसरजवळच्या जामसावळीला हनुमानाची निजलेली मूर्ती आहे. नागपूर, वर्धा, अमरावतीकडचे लोक मानसिक आजाराने ग्रासलेल्या, 'बाधा' झाली असे समजल्या जाणाऱ्या माणसांना घेऊन तिथे येतात, मूर्तीच्या नाभीतून झिरपते अशी श्रद्धा असलेले तीर्थ पाजतात आणि दिवसच्या दिवस मुक्काम करतात. म्हणजे सावरगावची माणसे मेंदूच्या दुखापतीसाठी दक्षिणेला जातात आणि नागपूरची माणसे मनाच्या दुखण्यासाठी उत्तरेला येतात. मनाच्या आजाराला दवाखान्यात नेणे म्हणजे घराण्याला बट्टा, देवाच्या दारी नेणे म्हणजे श्रद्धा, असे मानणाऱ्या समाजात ही वाट बंद होणार नाही. तिथेच एखादा मानसोपचाराचा कक्ष श्रद्धेशी न भांडता बसवता आला, तर कितीतरी तरुण पोरांची वर्षे वाचतील.

रोग्याने डॉक्टरकडे जाण्याऐवजी डॉक्टरच रोग्याकडे आले, असेही घडले आहे. बैतूलच्या पलीकडे पाढर नावाचे गाव आहे. ल्युथरन मिशनने १९५० च्या दशकात तिथे जंगलपट्ट्यात रुग्णालय उभारले. २०१२ च्या जूनमध्ये या खेड्यातल्या रुग्णालयात एकमेकींना जोडलेल्या जुळ्या मुली शस्त्रक्रियेने वेगळ्या करण्यात आल्या. देशातल्या डॉक्टरांबरोबर ऑस्ट्रेलियाचे डॉक्टरही तिथे आले होते. दोघींतली एक काही दिवसांनी गेली, दुसरी जगली. त्या मुलींना कुठल्या महानगरात न्यावे लागले नाही. महानगरांतले डॉक्टरच बैतूलच्या रानात आले. हे एकदाच का घडावे?

सीमा ओलांडून उपचार घेण्याचा दुसरा मराठी अनुभव कोकणातला आहे. सावंतवाडी, दोडामार्गची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या मेडिकल कॉलेजात जातात. हे कॉलेज पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये पणजीत सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेची पुढची पायरी, म्हणजे १९६१ पर्यंत गोव्याला जाणे म्हणजे खरोखर परदेशी जाणे होते. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारने बांबोळीच्या या कॉलेजात बिगरगोमंतकीयांकडून शुल्क घेणे सुरू केले आणि दोडामार्गमध्ये आंदोलन पेटले. १९६१ नंतर तोवर कुणाला सीमेची जाणीव उरली नव्हती. ती बिलाच्या कागदावर पुन्हा दिसली.

नागपूरच्या वाटेवरही असेच झाले. महाराष्ट्राची जीवनदायी योजना, जी पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालली, ती महाराष्ट्रातल्या शिधापत्रिकेवर. बाजूच्या खाटेवरच्या काटोलच्या रोग्याचे ऑपरेशन फुकट आणि पांढुर्ण्याच्या रोग्याला पैशांची जुळवाजुळव, हे दृश्य अनेक वर्षे दिसत होते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण, तेही योजनेतल्या कुठल्याही राज्यातल्या नोंदणीकृत रुग्णालयात, अशी सोय झाली. सीमेवरच्या माणसासाठी ही योजनेतली सर्वांत मोलाची ओळ आहे. कोणते रुग्णालय यादीत आहे आणि कोणते नाही, हे मात्र रोगी दारात पोचल्यावरच बहुतेकांना कळते.

मार्च २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी बसवाहतूक बंद केली. नागपुरात संसर्ग भडकला होता, तेव्हा निर्णय समजण्यासारखा होता. पण नागपूरची बस बंद म्हणजे पांढुर्णा-सौसरसाठी डायलिसिसची, केमोथेरपीची, बाळंतपणाच्या तपासणीचीही बस बंद. शिवाय छिंदवाडा मार्गावरची जुनी अरुंद रेल्वे २०१५ च्या डिसेंबरमध्येच रुंदीकरणासाठी बंद झाली होती आणि नवा मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू होत होता. ज्यांच्याकडे गाडी होती ते गेले.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा आणि सौसर यांचा मिळून वेगळा जिल्हा झाला. जिल्हाधिकारी आले, पाट्या बदलल्या. घाटाखालच्या मराठी पट्ट्याला पहिल्यांदा स्वतःचे जिल्हा प्रशासन मिळाले. जिल्हा झाला की जिल्हा रुग्णालयाचा दर्जा येतो, आणि दर्जाबरोबर भूल देणारा डॉक्टर, रक्तपेढी, डायलिसिसची यंत्रे, अतिदक्षता विभाग हे सारे येणे अपेक्षित असते. नागपुरात डिसेंबर २०२२ पासून मिहानला पूर्ण एम्स उभे आहे, त्यामुळे दक्षिणेची ओढ आणखी वाढली आहे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. साध्या दुखण्यांसाठी पांढुर्णा आणि अवघडांसाठी नागपूर अशी वाटणी झाली, तर ती कोणत्याही रोग्याला मान्य होईल.

पण २०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस छिंदवाड्यात जे झाले, त्याने ही वाटणी किती दूर आहे ते दाखवले. परासिया भागातल्या लहान मुलांना ताप-खोकल्यासाठी कोल्ड्रिफ नावाचे सिरप दिले गेले आणि काही दिवसांत त्यांची लघवी थांबली. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. तपासणीत त्याचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. मुले एकामागून एक नागपूरला आणली गेली. डायलिसिस, व्हेंटिलेटर, खासगी आणि सरकारी सगळे दरवाजे ठोठावले गेले. वीसहून अधिक बालके गेली, त्यांतली बरीच नागपूरच्या खाटांवर. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात औषधावर बंदी आली, तोवर पहिल्या मृत्यूला महिना होत आला होता. त्याच महिन्यात मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री मोहन यादव उरलेल्या मुलांची विचारपूस करायला नागपूरच्या रुग्णालयांत आले.

एकाच भागातली लहान मुले मूत्रपिंडे बंद पडून दुसऱ्या राज्यातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत दाखल होत होती. रोगी सीमा ओलांडून गेला की त्याचा आजार एका राज्याच्या हिशेबातून निघतो आणि दुसऱ्याच्या हिशेबात नीट बसत नाही. छिंदवाडा आणि पांढुर्ण्याहून येणाऱ्या रोग्यांची रोजची माहिती नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांनी दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांना एकाच वेळी कळवावी, एवढी व्यवस्था उभी करायला मेडिकल कॉलेज लागत नाही, नवा जिल्हाही लागत नाही. छिंदवाड्याच्या कॉलेजमधून २०१९ ची पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली आहे. त्यांतले काही जण सौसर आणि पांढुर्ण्याच्या ओपीडीत बसले, तर ती माहिती निदान एका टोकाकडून तरी आधी निघेल.